आर्डुइनोचं कूळ

उत्तर इटलीत तुरिनजवळ इव्ह्रिया नावाचं गाव आहे. ऑलिव्हेत्ती टाइपरायटर इथलेच. २००१ साली ऑलिव्हेत्ती आणि टेलिकॉम इटालिया यांच्या पैशावर इथे इंटरॅक्शन डिझाइन शिकवणारी संस्था निघाली. इथे शिकणारे बहुतेक डिझाइनकडचे, सर्किटशी फारसा संबंध न आलेले. हात जवळ नेला की उजळणारा दिवा करून दाखवायचा तर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी छोटी चिप हवी, आणि तेव्हाचा ‘बेसिक स्टॅम्प’ विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडेना.

यावर तोड काढली ती एर्नान्दो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याने. २००३ साली पदव्युत्तर प्रबंधासाठी त्याने ‘वायरिंग’ नावाचा बोर्ड आणि त्याचं सॉफ्टवेअर तयार केलं. मार्गदर्शक होते मासिमो बांझी आणि केसी रीस. रीस यांनी बेन फ्राय यांच्याबरोबर चित्रकारांसाठी ‘प्रोसेसिंग’ ही प्रोग्रामिंगची सोय आधीच केली होती; प्रोग्रामला ‘स्केच’ म्हणायची रीत तिथली. प्रोग्राम लिहायची ‘प्रोसेसिंग’ची साधी खिडकी बारागानने उचलली आणि तिच्यामागे चिपची सगळी किचकट भाषा दडवली. ‘पिनमोड’ म्हणजे ही पिन माहिती घेणार की देणार ते ठरवायचं, ‘डिजिटलराइट’ म्हणजे तिच्यावर व्होल्टेज द्यायचं किंवा काढायचं. बस्स!

‘वायरिंग’मध्ये एटमेगा१२८ ही चिप होती. २००५ साली बांझी, डेव्हिड मेलिस आणि डेव्हिड क्वार्तिएयेस यांनी तेच सॉफ्टवेअर स्वस्तातल्या एटमेगा८वर चालवलं आणि वेगळं बिऱ्हाड थाटलं. गावात त्यांच्या बैठकीचा एक बार होता. त्याला नाव होतं १००२ साली इटलीच्या गादीवर आलेल्या आर्डुइनो राजाचं. तेच बोर्डाला मिळालं. पुढे टॉम इगो आणि जानलूका मार्तिनो मिळून संस्थापक पाच झाले. त्यांत बारागान नाही. ‘वायरिंग’ खुलं होतं, तेव्हा कायद्याने कुणी चुकलं नाही. पण पंगतीत त्याचं पान मांडायला हवं होतं. २०१६ साली त्याने आपली बाजू सविस्तर लिहिली, ती मला पटते.

आराखडा सगळ्यांना खुला करण्यामागे तत्त्व होतं, तशी धास्तीही होती. इव्ह्रियाच्या संस्थेचे पैसे संपत आले होते. ती बुडाली तर काम कागदपत्रांत अडकून पडेल, त्यापेक्षा ते जगाला देऊन टाकलेलं बरं, असा हिशोब. बोर्ड तगला तो त्यामुळेच.

घाईची एक खूण मात्र बोर्डावर राहून गेली. पिनांमधलं अंतर ०.१ इंच असतं, पण ७ आणि ८ नंबरच्या पिनांमध्ये ते ०.१६ इंच आहे. आराखड्यातली ही चूक लक्षात आली तोवर बोर्डावर बसणारी जोड-सर्किटं, म्हणजे ‘शिल्ड’, बाजारात गेली होती. दुरुस्ती केली तर ती बसणार नाहीत, म्हणून २०१०च्या ‘उनो’ या बोर्डातही ती फट तशीच ठेवली. साध्या भोकांच्या पट्टीवर स्वतःचं सर्किट जोडून बोर्डावर बसवू पाहणारे आजही इथे अडतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणारी स्वस्त नक्कल घ्यायला बिचकू नका. आराखडा खुला आहे, राखीव आहे ते फक्त आर्डुइनो हे नाव. यूएसबीच्या सॉकेटजवळच्या चिपवर ‘सीएच३४०’ लिहिलेलं दिसलं, तर जुन्या संगणकावर तिचा ड्रायव्हर आधी टाकून घ्या. नाहीतर बोर्ड चांगला असूनही दुकानात परत घेऊन जाल.