अल्फा ९ : जुना, पण वेगवान

क्रीडा छायाचित्रकार मिररलेस कॅमेऱ्यांकडे फारशा विश्वासाने पाहत नसत, त्या काळात, एप्रिल २०१७ मध्ये, सोनीने 'अल्फा ९' सादर केला. २४.२ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरमध्येच मेमरी बसवलेली असल्याने तो सेकंदाला २० छायाचित्रे टिपतो आणि त्या वेळी व्ह्यूफाइंडरमधील दृश्य क्षणभरही काळे पडत नाही. मार्च २०१९ मधील फर्मवेअरने धावत्या व्यक्तीचा माग ठेवण्याची त्याची क्षमता कमालीची सुधारली. वापरलेला कॅमेरा घेताना ती आवृत्ती आहे ना, हे आधी पाहावे.

मात्र हा सारा वेग इलेक्ट्रॉनिक शटरचा आहे आणि त्या शटरसोबत फ्लॅश चालत नाही. यांत्रिक शटरवर हाच वेग सेकंदाला ५ छायाचित्रांवर येतो. लग्नसमारंभात फ्लॅशवर विसंबणाऱ्याने 'फ्लॅगशिप' या बिरुदाला भुलून पैसे मोजले, तर फसगत ठरलेलीच. काही एलईडी दिव्यांखाली छायाचित्रात पट्टे उमटण्याचा धोका वेगळाच. चित्रीकरणासाठी एस-लॉगची सोयही नाही.

मैदानावरील खेळ, पक्षी आणि विशेषतः रंगमंच, जिथे शटरचा आवाज खपत नाही, तिथे हा कॅमेरा अजूनही कामाचा आहे. कार्डाच्या दोन खाचांपैकी एकच जलद यूएचएस-२ प्रकारची आहे, एवढे ध्यानात ठेवावे.