धाव आणि टायर

वाशीमच्या काळ्या जमिनींत गाडीची खरी परीक्षा बैलांपेक्षां चाकांची होते. लाकडी चाकावर लोहार तापवून चढवी ती लोखंडी धाव पाणी ओततांच आकसे आणि आऱ्यांचे सांधे घट्ट आवळी. कोरड्या मुरमाड वाटेला हा सरंजाम उत्तम; श्रावणांत मात्र तीच अरुंद धाव चिखल कापीत आंसापर्यंत रुते. चाक वाटेप्रमाणें व ऋतूप्रमाणें हवें, हें तेथल्या गाडीवानास पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

मोटारीला तें उमगावयास वेळ लागला. बेलफास्टच्या डनलॉप नामक पशुवैद्यानें १८८८ सालीं हवेच्या टायराचें पेटंट घेतलें. १८९९ च्या एप्रिलांत बेल्जियमच्या जेनात्झीनें फ्रान्समध्यें मिशेलिनच्या टायरांवर मोटार ताशीं १०५ किलोमीटरांहून अधिक वेगानें पळविली. मोटारींत शंभरी ओलांडणारी ती पहिली, आणि ती विजेची होती! बर्फासाठीं निराळा टायर मात्र फिनलंडांत १९३४ सालीं निघाला, तोहि मालमोटारींकरितां.

सात अंश सेल्सियसच्या सुमारास उन्हाळी रबर कडक होऊं लागतें. हिंवाळी रबर मऊ राहतें व त्यांतील बारीक चिरा बर्फाला धरतात. आजची वेगवान विजेची मोटार बॅटरीमुळें जड, शिवाय तिचा जोर एका क्षणांत चाकांत उतरतो. म्हणून टायराच्या मापाइतकाच त्यावरचा भारांक पाहावा लागतो. क्वेबेक प्रांतांत २००८ पासून हिंवाळ्यांत असे टायर सक्तीचे आहेत. वाशीमच्या हिंवाळ्यांत त्यांचें कांहीं काम नाहीं. वैशाखांतल्या तापल्या डांबरावर तें मऊ रबर उलट लौकर झिजेल.