काका बॅप्टिस्टा आणि बेळगावची होमरूल लीग

मच्छ्याहून बेळगाव शहरात येणारा रस्ता टिळकवाडीवरून जातो. लोकमान्यांचे नाव या वस्तीने धारण केले आहे. परंतु त्यांची होमरूल लीग याच बेळगावात २८ एप्रिल १९१६ रोजी स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष एक ख्रिस्ती गृहस्थ होते, हे आपल्या मंडळ्यांतून क्वचितच सांगितले जाते.

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत, माझगावच्या माथारपाखाडीत झाला. घराणे मूळचे उत्तनचे. त्यांचा समाज मराठीचीच बोली बोलणारा. तथापि १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, कंपनी सरकारशी असलेले जुने नाते दर्शविण्यासाठी त्याने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. अशा राजनिष्ठ समाजातून टिळकांचा विश्वासू सहकारी निघावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पुण्यास अभियांत्रिकी व केंब्रिजला राज्यशास्त्र शिकून ते बॅरिस्टर झाले. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी टिळकांना कायद्याचे साहाय्य केले. लीगमध्ये टिळकांनी स्वतः कोणतेही पद घेतले नाही. बॅप्टिस्टा अध्यक्ष व न. चिं. केळकर चिटणीस झाले. मराठी व कानडी मुलूख त्या कार्यात एकत्र होते. पुढे बॅप्टिस्टांनी कामगारांची बाजू घेतली. १९२० साली स्थापन झालेल्या आयटक या कामगार संघटनेच्या संस्थापकांत ते होते. १९२१ च्या झरिया येथील अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १९२५ साली मुंबई नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९३० साली ते निवर्तले. लोकांनी त्यांना ‘काका’ म्हटले, हीच त्यांची खरी पदवी होय.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? कैसराच्या नाण्याविषयीचे प्रभूचे उत्तर आपण पुष्कळदा केवळ राजाज्ञापालनाचा धडा म्हणून शिकवितो. टर्टुलियनने त्याचा अर्थ अधिक खोल लावला होता: नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे, म्हणून नाणे त्याचे, मनुष्यावर देवाची प्रतिमा आहे, म्हणून मनुष्य देवाचा. हा अर्थ मान्य केला, तर कोणतीही सत्ता मनुष्याला आपली मालमत्ता मानू शकत नाही, मग ती परकीय सरकारची असो वा गिरणीमालकाची. काकांचे राजकारण आणि त्यांचे कामगारकार्य या दृष्टीने पाहिले असता एकाच सूत्रात गुंफलेले दिसते.

ख्रिस्ती मनुष्य या भूमीत परका आहे, हा आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. त्यास रागाने उत्तर देण्याची आवश्यकता नाही. बेळगावचा १९१६ चा इतिहास धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगावा. आणि मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या कामगाराची, तो कोणत्याही धर्माचा असो, विचारपूस करावी. आमच्या मते, काकांचा वारसा चालविण्याचा यापरता सरळ मार्ग नाही.