पैनगंगेचे दोन तीर

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा ही १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत दोन राज्यांमधील सरहद्द झाली होती. उत्तरेस स्वतंत्र भारत होता आणि दक्षिणेस भारतात विलीन होण्यास नकार देणारे निजामाचे हैदराबाद संस्थान. या सरहद्दीचे मूळ १८५३ च्या तहात होते, कारण त्या तहाने निजामाचे नाममात्र स्वामित्व कायम ठेवून वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि एकच भाषा बोलणारी, परस्परांत सोयरीक असणारी गावे दोन अमलांखाली वाटली गेली. उमरखेडकडे कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातील रुपया, चालत असे, तर पलीकडे हदगावकडे ‘हाली सिक्का’ हे संस्थानचे स्वतःचे चलन होते. माल नदीपार नेताना ‘करोडगिरी’, म्हणजे संस्थानची सीमाजकात, भरावी लागे.

कासीम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, खेड्यांत जुलूम सुरू केल्यावर अनेक कुटुंबे नदी उतरून वऱ्हाडात आली. उमरखेडला संस्थानच्या विलीनीकरणासाठी लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. कॅम्प म्हणजे सशस्त्र प्रतिकाराचे सरहद्दीवरील ठाणे, आणि अशा ठाण्यांवरून कार्यकर्ते पलीकडच्या करोडगिरी नाक्यांवर चालून जात. हा संग्राम मराठवाड्याचा म्हणून लिहिला जातो, ते रास्तच आहे. परंतु आलेल्यांना ओसरी आणि ज्वारी देणारा वऱ्हाडचा काठ त्या लेखनात फार थोडा येतो, आणि ही उणीव या जिल्ह्याच्या इतिहासकारांनीच भरून काढली पाहिजे.

पोलीस कारवाईनंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतल्यावर, बहुतेक निर्वासित आपल्या गावी परतले, काहींनी मात्र इकडेच घर केले. १९५६ साली दोन्ही तीर द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले. आज उमरखेड तालुक्यातील मुलेमुली शिक्षणासाठी नांदेडची वाट धरतात, कारण अमरावतीपेक्षा ते शहर कितीतरी जवळ आहे. आजोबा ज्या मुलखातून रात्री निघाले, त्याच मुलखात नातवंडे खोली भाड्याने घेऊन राहतात. तेथील विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिदिनीच, स्थापन झाले असून त्याला लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे. यवतमाळ जिल्हा मात्र अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत असल्याने, इकडची पदवी घेऊन तेथे प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याला एक कागद सोबत न्यावा लागतो, आणि त्याचे नाव आहे स्थलांतर प्रमाणपत्र.