कवळी, हिंगूळ आणि उंदराच्या पेशी

पीएचडीत नेमकं काय करतेस असं कोणी विचारलं, की मी सांगते, "कवळीच्या प्लास्टिकमुळे पेशी मरतात का, ते बघते." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे इतकी वर्षं कोणी बघितलंच नव्हतं?" बघितलं होतं. पण फार उशिरा. आज तो उशीर कसा झाला ते सांगते.

जुन्या कवळ्या हस्तिदंताच्या, पाणघोड्याच्या दाताच्या, सोन्याच्या पत्र्याच्या असत. जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडाची होती ही तर दंतकथाच (शब्दशः!). त्याच्या कवळ्यांत हस्तिदंत होतं, माणसांचे दात होते आणि चक्क शिसं होतं. तोंडात दिवसभर शिसं! पण तेव्हा कवळीकडून अपेक्षा एवढीच, की ती पडू नये आणि चारचौघांत बरी दिसावी.

चित्र बदललं ते रबरामुळे. चार्ल्स गुडइयरने रबर आणि गंधक एकत्र तापवायची युक्ती शोधली. त्याचा भाऊ नेल्सन याने 1851 मध्ये भरपूर गंधक घातलेल्या कडक रबराचं पेटंट घेतलं. हेच व्हल्कनाइट. साच्यात दाबून वाफेच्या भांड्यात शिजवलं की टाळूला बरोबर बसणारी, स्वस्त कवळी तयार. साध्या माणसाला परवडेल अशी कवळी पहिल्यांदाच मिळू लागली. (पेटंटवाल्या कंपनीने दंतवैद्यांना परवान्याच्या पैशांसाठी इतकं छळलं, की 1879 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका दंतवैद्याने कंपनीच्या खजिनदाराला गोळी घातली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

अडचण रंगाची होती. हे रबर मुळात काळपट तपकिरी. ते हिरडीसारखं दिसावं म्हणून त्यात हिंगूळ घालायचे. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं लाल संयुग. आता विचार करा: टाळू लाल झालेला, आग होणारा रुग्ण समोर बसलाय आणि त्याच्या कवळीत पारा आहे हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही काय म्हणाल? तेव्हाच्या अनेक दंतवैद्यांनीही तेच म्हटलं. दुसरी बाजू म्हणायची, हिंगूळ पाण्यात जवळपास विरघळतच नाही, मग पारा सुटणार कुठून? वाद बरीच वर्षं चालला.

आज आपल्याला माहीत आहे, की कवळीखालचा लालपणा बहुतेक वेळा कँडिडा नावाच्या बुरशीमुळे, रात्रभर कवळी न काढल्यामुळे, अस्वच्छतेमुळे किंवा सैल कवळी घासल्यामुळे येतो. म्हणजे दोन्ही बाजू लाल टाळूकडे बघून पाऱ्यावर भांडत होत्या, आणि नुसत्या टाळूकडे बघून तो वाद सुटणारच नव्हता. त्यासाठी तोंड, लाळ, बुरशी हे सगळं बाजूला सारून फक्त पदार्थ आणि पेशी समोरासमोर आणायला हवे होते.

ते शक्य होईपर्यंत पदार्थच बदलला. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक आलं, म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. आजची गुलाबी कवळी बहुधा याचीच असते. पावडर आणि द्रव कालवून कणकेसारखा गोळा करतात, साच्यात भरतात आणि गरम पाण्यात शिजवतात. द्रवातले सुटे रेणू, म्हणजे मोनोमर, एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या होतात. पण सगळे जोडले जात नाहीत. उरलेले हळूहळू बाहेर झिरपतात, आणि पेशींना त्रास देतात ते प्रामुख्याने हेच.

हीच गोष्ट डोळ्याच्या बाबतीत फार लवकर कळली. लंडनचे हॅरोल्ड रिडली यांनी पाहिलं होतं, की युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेल्या विमानाच्या ॲक्रिलिक काचेच्या कपच्या डोळा निमूटपणे सहन करतो. 1949 मध्ये त्यांनी त्याच प्लास्टिकचं भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. मात्र त्यासाठी नेहमीचं ॲक्रिलिक न घेता, उरलेला मोनोमर अगदी कमी असलेलं खास ॲक्रिलिक बनवून घेतलं. नाव एकच, पण पेशीच्या दृष्टीने पदार्थ वेगळा. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शहाणपणाची खरेदी हीच!

पेशींना थेट विचारायचं साधनही याच सुमारास तयार होत होतं. अमेरिकेत विल्टन अर्ल यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या त्वचेखालच्या ऊतीतून वाढवलेल्या पेशींपासून 1948 मध्ये एल-929 हा वाण वेगळा केला गेला. एकाच पेशीपासून वाढलेला. आमच्या इनक्युबेटरमध्ये आज जे आहेत ते त्याच पेशींचे वंशज. 1983 मध्ये मोसमान यांनी एमटीटी चाचणी मांडली: पिवळा रंग घालायचा, जिवंत पेशी तो जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळेपणा मोजायचा. पदार्थ पोषकद्रवात भिजवून तो द्रव पेशींना दिल्यावर जिवंतपणा 70 टक्क्यांच्या खाली गेला, तर आयएसओच्या मानकाप्रमाणे तो पदार्थ पेशींना घातक ठरू शकतो.

या चाचण्यांतून दिसलं ते असं: "ॲक्रिलिक सुरक्षित आहे का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. तास न् तास नीट शिजवलेल्या कवळीत मोनोमर थोडा उरतो. खुर्चीजवळ झटपट दुरुस्तीला वापरतात ते थंड ॲक्रिलिक शिजवावं लागत नाही, आणि त्यात तो बराच जास्त उरतो. मानकानेही दोघांना वेगळी मर्यादा दिली आहे: 2.2 टक्के आणि 4.5 टक्के. म्हणून नवी किंवा दुरुस्त केलेली कवळी रुग्णाला द्यायच्या आधी दिवसभर पाण्यात ठेवावी असं सांगतात. सुटा मोनोमर तोंडात झिरपण्यापेक्षा वाटीतल्या पाण्यात झिरपलेला बरा. (घरी उकळत्या पाण्यात मात्र टाकू नका, कवळी वाकडी होते.)

आता थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या कवळ्या आल्या आहेत. रसायन पुन्हा वेगळं, मोनोमर वेगळे. छापल्यावर त्या अल्कोहोलमध्ये धुवाव्या लागतात आणि वर प्रकाशात आणखी पक्क्या कराव्या लागतात. धुणं किती मिनिटं आणि प्रकाश किती वेळ, यावर पेशी जगतात की नाही ते अवलंबून असतं. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या मिनिटांबद्दलच आहे.