कंपवाताची गोष्ट : सर्पगंधा, खाजकुइली आणि मोजलेली मात्रा

आज ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे त्याला आपण कंपवात म्हणतो आणि डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा हात बसल्या जागी थरथरायला लागतो. पावलं बारीक पडतात, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचं हसू हरवतं. सदऱ्याची गुंडी लावायला पाव तास लागतो. आपण म्हणतो, वय झालं. बाई असेल तर म्हणतात, हिला काम नको. कोणी अंगारा आणून लावतं.

हा मेंदूतल्या एका रसायनाच्या तुटवड्याचा आजार आहे, हे कळायला जगाला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. ती वर्षं कशी गेली ते आज सांगते. या गोष्टीत आपल्या ओळखीच्या दोन वनस्पतीही येतात.

लंडन शहरात हॉक्स्टन नावाच्या वस्तीत जेम्स पार्किन्सन हे डॉक्टर होते. १८१७ साली त्यांनी एक लहानसं पुस्तक लिहिलं. मराठीत त्याचं नाव 'थरथरत्या लकव्यावरचा निबंध' असं होईल. त्यात फक्त सहा माणसांची हकीकत होती, आणि ती सगळी त्यांच्या दवाखान्यातली नव्हती. काहींना त्यांनी रस्त्यात पाहिलं होतं. कोणती मशीन नाही, रक्ताची तपासणी नाही. पुढं वाकलेली चाल आणि स्वस्थ बसल्यावर थरथरणारा हात नुसत्या डोळ्यांनी बघून त्यांनी ओळखलं, की हा एकच आजार आहे. पुढे पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी त्याला पार्किन्सन यांचं नाव दिलं.

आजाराला नाव मिळालं, पण त्याचं मूळ कुठं ते कळेना. मेंदूच्या खालच्या बाजूला काळसर रंगाचा एक छोटा भाग असतो. १९१९ साली पॅरिसमध्ये ट्रेटियाकॉफ या तरुण डॉक्टरनं मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. त्यांच्यात हा काळा भाग झडलेला, फिकट पडलेला दिसला. जागा सापडली, तरी तिथं नेमकं काय कमी पडतं, हे कळायला आणखी चाळीस वर्षं जायची होती.

इथं आपली सर्पगंधा येते. तिची मुळी आपल्याकडे फार जुन्या काळापासून औषधात आहे. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन बघितली आणि १९४९ साली त्याबद्दल इंग्लंडच्या एका वैद्यकीय मासिकात लिहिलं. मग जगभरच्या कंपन्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढण्यात आलं. त्याचं नाव रिसर्पिन.

हे रिसर्पिन स्वीडनमधल्या अर्विड कार्लसन या संशोधकांनी सशांना दिलं. ससे ढिम्म बसले, कान खाली पडले, हलेनात. त्यांच्या मेंदूतलं डोपामीन नावाचं रसायन संपलं होतं. मग कार्लसन यांनी त्यांना एल-डोपा नावाचं द्रव्य टोचलं. शरीर याच द्रव्यापासून डोपामीन बनवतं. थोड्याच वेळात सशांचे कान उभे राहिले आणि ते हिंडायला लागले. हे साल १९५७. पुढे २००० साली कार्लसन यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

डोपामीन म्हणजे काय, ते शेतातल्या पाटावरून बघू. पाटाला पाणी पुरेसं असलं की शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचतं. पाणी कमी झालं की वरचे वाफे भिजतात, खालचे कोरडे राहतात. मेंदू हाताला सांगतो, भाकरी थाप. हा निरोप पुढं नेण्याच्या कामात डोपामीन लागतं. ते कमी पडलं की माणसाची इच्छा असते, अंगात ताकदही असते, पण हात वेळेवर उठत नाही. त्याला आळशी म्हणणं म्हणजे कोरड्या वाफ्याला दोष देणं.

सशांचं झालं, पण माणसांचं काय? व्हिएन्ना शहरात ओलेह हॉर्निकिव्हिच यांनी मरण पावलेल्या रुग्णांच्या मेंदूतलं डोपामीन मोजलं. ते फारच कमी निघालं. १९६० साली त्यांनी हे छापलं. दुसऱ्याच वर्षी बिर्कमायर या डॉक्टरांबरोबर त्यांनी वृद्धाश्रमातल्या रुग्णांना एल-डोपाचं इंजेक्शन दिलं. ज्यांना अंथरुणात उठून बसता येत नव्हतं ते उठून बसले. बसलेले उभे राहिले, काही चालले. पण काही तासांत असर उतरला आणि माणसं पुन्हा जागच्या जागी थिजली.

पुढची काही वर्षं निराशेची गेली. ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी थोडं थोडं औषध देऊन पाहिलं. कुठं गुण आला, कुठं आलाच नाही. मात्रा वाढवली तर रुग्णाला उलट्या व्हायच्या. औषध बाजूला पडायच्या बेतात होतं.

ते वाचवलं जॉर्ज कोट्झिआस यांनी. हे ग्रीसमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत काम करणारे डॉक्टर. भंडारा-नागपूरकडे मँगनीजच्या खाणी आहेत, तशा दक्षिण अमेरिकेत चिली देशातही आहेत. तिथल्या काही खाणकामगारांना धुळीमुळे कंपवातासारखाच ताठरपणा आला होता. कोट्झिआस यांनी त्या मजुरांचा अभ्यास केला आणि तिथून ते या आजाराकडे वळले. औषधाच्या बाबतीत त्यांची रीत साधी होती. अगदी थोड्यापासून सुरुवात करायची, शरीराला सवय होऊ द्यायची आणि काही आठवडे हळूहळू मात्रा वाढवत न्यायची. शेवटी ती इतरांपेक्षा कितीतरी जास्त होई, पण रुग्णाला सोसत असे. १९६७ साली त्यांनी १६ रुग्णांची माहिती छापली. त्यांतल्या आठ जणांना चांगला, टिकणारा गुण आला होता. त्या वेळी काहींच्या रक्तावर वाईट परिणामही दिसला, म्हणून त्यांनी औषध जास्त शुद्ध रूपात वापरायला घेतलं. पुढच्या दशकात त्याला कार्बिडोपासारख्या दुसऱ्या औषधाची जोड मिळाली. त्यामुळे कमी मात्रेत काम भागू लागलं आणि मळमळ घटली. आज सरकारी दवाखान्यातला डॉक्टरही कंपवातासाठी जी गोळी लिहून देतो ती बहुतेक हीच जोडगोळी.

आता दुसरी वनस्पती, खाजकुइली. रानात हिच्या शेंगेला हात लागला की दिवसभर खाजवत बसावं लागतं. आयुर्वेदात हिला कपिकच्छू म्हणतात आणि वैद्य फार पूर्वीपासून हिचं बी औषधात वापरत आले. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी या बियांतून एल-डोपा वेगळं काढलं. ते कंपवाताला चालतं हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. १९७८ साली मुंबईच्या संशोधकांनी हे बी कंपवाताच्या रुग्णांना दिल्याचा अनुभव छापला. १९९५ साली या बियांच्या पुडीचा ६० रुग्णांवरचा अभ्यास आला. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर गोळी आणि ही पुडी यांची तुलना झाली. प्रत्येक वेळी बियांचा गुण दिसला.

म्हणून कोणी म्हणेल, मग गोळी कशाला, रानातून शेंगा आणू आणि बी कुटून देऊ. मैत्रिणींनो, असं करू नका. या अभ्यासांत पुडी तोलून दिली होती आणि डॉक्टर समोर होते. रानातल्या एका बीत औषध किती आणि दुसरीत किती, हे आपल्याला घरी मोजता येत नाही. गोळी चालू असताना वर पुडी दिली तर मात्रा दुप्पट होऊ शकते. मग उलट्या होतात, रक्तदाब पडतो, माणसाला भास होतात. कोट्झिआस यांनी जगाला शिकवलं ते हेच, की औषध तेच असतं, पण मात्रा चुकली की गुण येत नाही.

सशांची गोष्टही ध्यानात ठेवा. काही औषधांनी माणसाचंही तसंच होतं. मानसिक आजाराची काही औषधं, उलटी थांबवायची काही औषधं बरेच दिवस घेतली की कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. मात्र स्वतःच्या मनानं कोणतीही गोळी बंद करू नका. कंपवाताची गोळी तर एकदम कधीच थांबवू नका, ते जिवावर बेतू शकतं.

हा आजार मुळापासून बरा होत नाही. काळा भाग हळूहळू झडतच राहतो, आणि काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरायला लागतो. तेव्हा डॉक्टर वेळा आणि मात्रा बदलून देतात. गोळी ठरल्या वेळेला देणं, जेवणाआधी किती वेळ द्यायची ते विचारून घेणं, रोज चालवणं, मोठ्यानं बोलायला लावणं, हे काम घरातल्या माणसाचं. आणि ते बहुतेक बाईच्याच वाट्याला येतं, म्हणून तिला हे माहीत हवं. एकटीनं होत नसेल तर घरातल्या पुरुषांनाही गोळीच्या वेळा पाठ करायला लावा.

आणि सगळीच थरथर कंपवाताची नसते. काहींना कंपवात असून हात मुळीच थरथरत नाही, फक्त हालचाल मंदावते. त्यामुळे निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यायचं.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हिशोब झाला की एवढंच विचारा : आपल्या वस्तीत असं कोण आहे, जे गेल्या वर्षापासून हळू झालंय आणि ज्याला आपण म्हातारपण म्हणून सोडून दिलंय? नाव निघालं, तर त्याला तालुक्याच्या दवाखान्यात कोण घेऊन जाणार, हेही त्याच बैठकीत ठरवा.