कॉलेज जवळ आलं, माहिती लांबच राहिली

कॉलेजच्या करिअर कट्ट्यावर मी विद्यार्थी म्हणून काम करतो. ज्युनिअर पोरंपोरी विचारतात, "दादा, स्कॉलरशिपचा फॉर्म कधी सुटतो? बी.एस्सी.नंतर काय?" तेव्हा मला आपल्या मराठवाड्याचा इतिहास आठवतो.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. राज्यातलं विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया, १९१८ सालचं. शिकवणं उर्दूत. १९३८ ला 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून तिथनं विद्यार्थी काढले. त्यांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. एक दार बंद झालं तर दुसरं कुठं उघडं आहे, हे कळलं म्हणून त्यांचं शिक्षण वाचलं.

पुढं दारं जवळ आली. १९५० ला नांदेडचं पीपल्स कॉलेज, १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ, १९६१ ला लातूरचं दयानंद, १९७० ला शाहू, १९९४ ला नांदेडचं विद्यापीठ. रेणापूरहून लातूर तर रोजच्या येण्याजाण्यातलं.

पण घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या पोराला शेवटची तारीख कोण सांगणार? माझी पहिल्या वर्षाची स्कॉलरशिप अशीच बुडाली. वडिलांनी पडत्या भावात सोयाबीन विकून फी भरली. ते मी विसरलेलो नाही, म्हणून कट्ट्यावर बसतो.

रेणापूरकरांनो, तुमच्यात जे कुणी पुढं शिकलंय, त्यानं गल्लीतल्या एका तरी बारावीच्या पोराला, पोरीला एवढंच विचारावं: महाडीबीटीचा फॉर्म भरलास का?